टेलिहँडलर आणि फोर्कलिफ्ट: बुटीबोरीच्या काळ्या मातीत कळलेला फरक

बुटीबोरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बुटीबोरी एमआयडीसीच्या पुढे एका गोदामाचं काम सुरू आहे, त्याची साइट मी बघतो. लोखंडी सांगाडा, वर पत्रा, बाजूने एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) भिंत, असं साधं काम. जुलैत तिथे जे घडलं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मिहान, वाडी, कळमेश्वर, समृद्धी महामार्गाचं शिवमडक्याचं टोक, जिकडे पाहावं तिकडे गोदामं उभी राहताहेत. आणि भाड्याने मशीन बोलावताना आपण सगळे अजून एकच प्रश्न विचारतो: "किती टनाची आहे?" मीही तोच विचारला होता.

ब्लॉकचे पॅलेट फाटकापासून भिंतीपर्यंत न्यायचे होते. अंतर साठेक मीटर, एका पॅलेटचं वजन सव्वा टनाच्या आत. मी तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट बोलावली. सव्वा टन ओझ्याला तीन टनांची ताकद, म्हणजे दुपटीहून जास्त. हिशोब सरळ वाटला. वाटेवर सहा इंच मुरूम टाकून रोलर फिरवला होता. रात्री पाऊस झाला. सकाळी मुरमाचा वरचा थर सुकल्यासारखा दिसत होता, चालून पाहिलं तर बूटही रुतत नव्हता.

तिसऱ्या खेपेला पुढचं डावं चाक बसलं. मी दहा पावलांवर होतो. मुरमाच्या थराला आधी गोल चीर पडली, आणि साच्यातून शेव निघावी तशी काळी माती टायरच्या दोन्ही अंगांनी वर आली. ओझं जमिनीला टेकू नये म्हणून ऑपरेटरने घाबरून मास्ट (काटे वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा) वर घेतला. तिथेच घात झाला. मशीन डावीकडे कलली, पॅलेटला गुंडाळलेलं प्लास्टिक फाटलं आणि वरचे तीन थर खाली आले. हेल्पर बाजूने चालत होता, तो हातभर अंतराने वाचला. सेफ्टी शूज चिखलात जड होतात म्हणून त्याने काढून ठेवले होते. त्याच्या चपलेवर ब्लॉकचा पांढरा भुगा पडला होता आणि तो बराच वेळ नुसता ती चप्पल झटकत उभा होता.

त्या दिवसापासून मी हा विषय धरून बसलोय. जे समजलं ते असं.

फोर्कलिफ्ट म्हणजे एक तराजू आहे. टेकू पुढच्या दोन चाकांचा. एका पारड्यात काट्यांवरचं ओझं, दुसऱ्यात मागचं बिडाचं काउंटरवेट. रिकामी असताना तिचा भार मागच्या चाकांवर जास्त असतो. पूर्ण ओझं घेतलं की मशीन आणि माल मिळून जे वजन होतं, त्यातलं साधारण ८५ ते ९० टक्के पुढच्या दोन चाकांवर येतं. ती चाकं लहान, बऱ्याचदा भरीव रबराची. पोटाखाली वीतभरही जागा नाही. ती बनवलीच आहे पक्क्या, सपाट फरशीसाठी. ट्रिमिक्स केलेल्या, म्हणजे जास्तीचं पाणी शोषून घोटलेल्या काँक्रीटच्या फरशीवर तिच्याइतकी चपळ मशीन दुसरी नाही. माझ्या साइटवर ती फरशी अजून व्हायचीच होती.

पुढच्या आठवड्यात टेलिहँडलर आली. ट्रॅक्टरसारखी उंच, खोल नक्षीची चाकं, चारही चाकांना जोर, पोटाखाली जवळजवळ हातभर मोकळी जागा. बूम, म्हणजे माल उचलणारा लांब हात, मशीनच्या मागच्या अंगाला जोडलेली, ऑपरेटरच्या उजव्या बाजूने पुढे जाणारी, दुर्बिणीच्या नळ्यांसारखी एकातून एक निघणारी. फोर्कलिफ्ट माल सरळ वर नेते, त्यामुळे जिथे ठेवायचा तिथे तिला अगदी चिकटून उभं राहावं लागतं. टेलिहँडलर लांब उभी राहते आणि मधला पायाचा खड्डा, सळ्यांचा ढीग, रेती, सगळं ओलांडून पलीकडे माल ठेवते. बांधकामात भिंतीजवळची जागा कधीच मोकळी नसते, त्यामुळे मला हा सगळ्यात मोठा फरक वाटला.

हे प्रकरण नवीनही नाही. जेसीबीने आपली लोडॉल ही टेलिहँडलर १९७७ मध्ये आणली. मॉडेलच्या आकड्यातच माहिती असते: ५३०-७० म्हणजे तीन टन आणि सात मीटर, ५३०-११० म्हणजे तीन टन आणि अकरा मीटर. पण त्या 'तीन टन'चा अर्थ फोर्कलिफ्टच्या 'तीन टन'पेक्षा फार वेगळा आहे, हे मला नंतर उमगलं. जाणकारांनी त्यावर लिहावं. इथे कुणी पत्र्याच्या आणि सांगाड्याच्या कामाला टेलिहँडलर वापरली असेल तर अनुभव सांगा.

---

गिट्टीखदान

भाऊ, हेल्पर वाचला हे फार मोठं झालं. पण एक विचारतो. आपल्या नागपुरात हायड्रा, म्हणजे हुकाला माल टांगून चालणारी छोटी क्रेन, कोपऱ्या-कोपऱ्यावर उभी असते. फोनवर अर्ध्या तासात येते. तिला चिखलही चालतो, उचलतेही भरपूर. मग टेलिहँडलर काहून पाह्यजे? भाडं तर बरंच जास्त पडते.

---

बुटीबोरीकर

फसलेली फोर्कलिफ्ट हायड्रानेच ओढून काढली, तेव्हा तिचे उपकार आहेतच. पण हायड्राचं ओझं हुकाला लोंबकळतं. मशीन चालली की ओझं हलतं, आणि ते हलू नये म्हणून आपण काय करतो? एका पोराला दोरी देऊन ओझ्याच्या बाजूने चालवतो. पुढच्या चाकात आणि ओझ्यात तो पोरगा. हे दृश्य आपण रोज बघतो, म्हणून आपल्याला भीती वाटेनाशी झाली आहे. टेलिहँडलरचं ओझं काट्यांवर बसलेलं असतं, बाजूला कुणी चालायची गरजच नाही. शिवाय हायड्रा छपराखाली, खिडकीच्या गाळ्यातून आत माल सरकवू शकत नाही. हुकाच्या वर दोर आणि बूम लागते, तेवढी उंची छपराखाली मिळत नाही.

खांब, कैची, जड गर्डर उचलायला हायड्रा किंवा मोठी क्रेनच. त्यात वाद नाही.

---

लंबक

मी मेकॅनिकलचा. 'तीन टन' या शब्दाबद्दल लिहितो, कारण सगळा गोंधळ तिथे आहे.

फोर्कलिफ्टच्या पाटीवर क्षमतेबरोबर 'लोड सेंटर' लिहिलेलं असतं. या आकाराच्या मशीनला ते बहुधा ५०० मिमी असतं. म्हणजे ओझ्याचा मध्यबिंदू काट्याच्या उभ्या पाठीपासून अर्ध्या मीटरवर असेल, तरच तीन टन. आता समजा पुढच्या चाकाच्या मध्यापासून काट्याच्या पाठीपर्यंत ४५० मिमी आहेत. मग मशीन पेलते ते ३००० गुणिले ०.९५, म्हणजे २८५० किलोग्रॅम-मीटर. पॅलेट १.२ मीटर खोल असेल तर मध्य ६०० मिमीवर गेला: २८५० भागिले १.०५, राहिले साधारण २७१० किलो. दोन मीटर खोल खोकं घेतलं तर मध्य एक मीटरवर: २८५० भागिले १.४५, राहिले १९६५ किलो. मशीन तीच, ऑपरेटर तोच, पाटी तीच, आणि एक टन ताकद गेली. मास्ट जसा उंच जातो तशी यात आणखी घट होते, ती वेगळी. हा माझा समजण्यापुरता हिशोब आहे. साइटवर मशीनच्या पाटीवरचा आकडाच धरायचा.

तरीही फोर्कलिफ्टमध्ये हे अंतर फारसं बदलत नाही. माल काट्यावर एकदा नीट बसला की तो वर-खाली होतो, पुढे-मागे जात नाही. टेलिहँडलरमध्ये तेच अंतर ऑपरेटरच्या हातात आहे आणि क्षणाक्षणाला बदलतं. म्हणून तिची क्षमता एका आकड्यात मावत नाही, तिला नकाशा लागतो. केबिनमध्ये लावलेला लोड चार्ट हाच तो नकाशा: उभ्या बाजूला उंची, आडव्या बाजूला पुढच्या टायरपासूनचं अंतर, आणि मध्ये कमानीसारखे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात वेगळा आकडा.

उदाहरण घ्या. ५४०-१७० ही चार टनी मशीन, उंची १६.७ मीटर. पूर्ण उंचीवर ती अडीच टन ठेवते. पण बूम पुढे पूर्ण ताणली, साडेबारा मीटरपर्यंत, की पुढचे आधाराचे पाय जमिनीला टेकवूनसुद्धा ६०० किलोच. चार टनांचे सहाशे किलो! धागाकर्त्याच्या ब्लॉकचं अर्धं पॅलेट. कारण ओझ्याबरोबर बूमचं स्वतःचं लोखंडही बाहेर सरकत असतं, आणि मागचं वजन जिथल्या तिथे राहतं. जो माणूस फक्त टन विचारून ही मशीन बोलावतो आणि तिच्याकडून लांबवर चार टनांची अपेक्षा करतो, तो तिला तोंडावर पाडणार.

---

काळी_माती

मला इथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. धागाकर्त्याने दोष फोर्कलिफ्टवर ढकलला आहे. माझ्या मते दोष वाटेचा.

नागपूरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला जी काळी माती आहे ती दख्खनच्या बेसाल्टची. तिच्यातल्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, हीच जमीन भरलेला ट्रक पेलते आणि भेगांमध्ये हात जातो. पावसाळ्यात तीच लोणी होते. अशा मातीवर थेट सहा इंच मुरूम टाकला की चाकाच्या दाबाने मुरूम खाली आणि माती वर, असं मिसळत जातं. वरून सुकलेला दिसतो तो नुसता पापुद्रा. वरची माती काढून, खाली जिओटेक्स्टाइल (माती आणि मुरूम मिसळू न देणारं कापड) अंथरून, मग मुरूम थराथराने दाबत किमान फूटभर करायला हवा होता, आणि कडेने पाण्याला वाट.

आणि मोठी चाकं आहेत म्हणून टेलिहँडलर बुडत नाही असं कुणी समजू नका. १७ मीटरवाली मशीन स्वतःच बारा टनांच्या घरात असते. तिने पाय टेकवले की तो भार मुख्यतः त्या पायांखालच्या छोट्या जागांवर उतरतो. मी एका साइटवर बघितलंय: प्लिंथच्या बाजूचा चर नुकताच भरलेला, वरून सपाट, आणि नेमका त्यावर एक पाय. माल वर जाईपर्यंत सगळं ठीक होतं. मग तो पाय हळूहळू आत जायला लागला. ऑपरेटर हुशार, त्याने लगेच बूम आत ओढली म्हणून निभावलं. पायाखाली रेल्वेच्या लाकडी स्लीपरसारखे जाड ठोकळे हवेतच. खोदलेल्या खड्ड्याच्या कडेपासून, खड्डा जितका खोल तितकं तरी लांब उभं राहायचं.

---

बुटीबोरीकर

मान्य. वाट मी कमी खर्चात उरकली, तो दोष माझाच आहे आणि त्या सकाळी मला तो कळला. पण एवढं म्हणेन की त्याच वाटेवर, तितकीच ओली असताना, मोठ्या चाकांची मशीन रुतली असती तरी तिच्या ऑपरेटरला ते आधी जाणवलं असतं, आणि ओझं जमिनीपासून फूटभर ठेवून तो मागे येऊ शकला असता. भरीव रबराचं लहान चाक हळूहळू बसत नाही, एकदम जातं. सावरायला वेळच मिळत नाही.

वाट आता तुम्ही सांगितली तशी करून घेतोय.

---

ऑपरेटर_हिंगणा

मी बारा वर्षं झाले मशीन चालवून राह्यलो. पहिले सात वर्षं हिंगणा एमआयडीसीत फोर्कलिफ्ट, मंग टेलिहँडलर. दोन्हीवरचा माणूस म्हणून सांगतो.

फोर्कलिफ्टवरून उतरून टेलिहँडलरवर बसलेला माणूस पहिले दोन महिने धोक्याचा असते. काहून, तर त्याचा हात सरळ वर-खालीची सवय घेऊन येते. फोर्कलिफ्टात लिव्हर खाली केला, माल सरळ खाली आला. टेलिहँडलरात बूम बाहेर असताना नुसती खाली केली तर माल खाली येता येता पुढे जाते. वर होता तवा चार्टात बसत होता, खाली येता येता चार्टाच्या बाहेर गेला. माझ्या उस्तादाने मले एकच गोष्ट शिकवली: आधी आत, मंग खाली. वर जातानी उलटं, आधी वर, मंग बाहेर. नवीन पोट्टा माझ्याजवळ येते त्याले मी पहिला दिवसभर रिकाम्या काट्यावर हेच करायले लावतो.

दुसरं, बूम उजवीकडं हाय. बूम खाली असली की उजव्या मागच्या चाकाजवळ उभा माणूस दिसत नाही. आरसा हाय, पण चिखलानं भरते. मी दर दोन तासांनी उतरून आरसा पुसतो. फोर्कलिफ्टात उलट तरास, समोरचा मास्ट आणि माल आडवा येते, म्हणून मोठा माल असला की रिव्हर्समध्ये चालवा लागते. अन् ती मागच्या चाकांनी वळते, तिचं बूड बाहेर फिरते. भिंतीजवळ कोणी उभा असला की तो चेपला जाते. टेलिहँडलरले तीन तऱ्हेचं वळण असते: पुढच्या चाकांनी, चारही चाकांनी, नाही तर खेकड्यासारखं तिरपं. खेकडा चाल मले भिंतीसमोर पॅलेट सरळ लावायले लई कामी पडते.

तिसरं, माल उचलायच्या आधी बुडबुडा पाहा. केबिनमध्ये लेव्हलची नळी असते. मशीन बाजूले एवढीशी तिरपी असली ना, तर वर दहा मीटरवर माल हातभर बाजूले गेलेला असते.

---

लंबक

ऑपरेटर भाऊंच्या 'आधी आत, मग खाली'चा आकडा सांगतो, कारण सोन्यासारखी गोष्ट आहे. समजा बूम दहा मीटर बाहेर आहे आणि जमिनीशी ६० अंशांत उभी आहे. आडवं अंतर झालं पाच मीटर. तीच बूम लांबी न बदलता ३० अंशांवर आणा, अंतर झालं ८.६६ मीटर. ओझं साडेतीन मीटरहून जास्त पुढे गेलं, आणि ऑपरेटरच्या हाताने फक्त 'खाली'चा लिव्हर दाबलाय.

युरोपात यासाठी ईएन १५००० हे मानक २००८ मध्ये आलं. मशीन तोंडावर पडायच्या बेताला आली की तिने स्वतःच पुढे नेणारी हालचाल थांबवायची, अशी त्यातली मागणी. केबिनमध्ये हिरव्या-पिवळ्या-लाल दिव्यांची जी पट्टी दिसते ती हेच मोजते, बहुतेक मशीनांत मागच्या अक्षावरचा भार मोजून. मागचं हलकं होत चाललं म्हणजे पुढचं जड. भाड्याने मशीन घेताना ती पट्टी चालू आहे का, हे मी सगळ्यात आधी बघतो. बंद असेल तर मशीन परत.

---

संत्रानगरी

विषयापासून थोडं बाजूला, पण आमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी लावायला आम्ही दोन्ही मशीन वापरून पाहिल्या. एक गाठ १७० किलोची. आवारात, उघड्यावर, पाच-सहा थर चढवायला टेलिहँडलर छान, कारण मागच्या ओळीपर्यंत समोरून हात पोचतो. आत, फरशीवर, अरुंद गल्लीत मात्र ती वळतच नाही. तिथे फोर्कलिफ्टच. आगीची भीती असते म्हणून डिझेलचं काही आत नेतच नाही, बॅटरीची ठेवली आहे.

---

नवी_साइट

मी नुकतीच डिप्लोमा करून बेसा भागातल्या एका साइटवर लागले आहे. सगळं वाचून खूप समजलं, लंबक सर आणि ऑपरेटर दादा, मनापासून आभार.

एक प्रश्न आहे. आमच्याकडे बाहेरचं पॉइंटिंग करायला दोन मिस्त्री पॅलेटवर उभे राहून वर जातात. फोर्कलिफ्टच्याच काट्यावर लाकडी पॅलेट. मी अडवलं तर ठेकेदार म्हणाले, दहा वर्षं असंच चाललंय. टेलिहँडलर घेतली तर हे चालेल का?

---

ऑपरेटर_हिंगणा

ताई, नाही. दोन्हीवर नाही. काट्यावर पॅलेट नुसता ठेवलेला असते, अडकवलेला नसते. माणूस एका कडेले सरकला की पॅलेट उलटते. मी स्वतः असं काम दोनदा नाकारलं, एकदा तर त्यापायी काम सोडलं. टेलिहँडलरले माणसांसाठी वेगळी बास्केट येते, काट्याच्या जागी लॉक होते, कठडा असते, आतल्या माणसाच्या हातात आपलं कंट्रोल असते आणि त्या बास्केटचा चार्ट वेगळा असते. ती कंपनीची, त्याच मशीनची पाह्यजे. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेला पिंजरा नाही. तुम्ही अडवलं ते बरोबर केलं. अडवत राहा.

---

लंबक

पूर्ण सहमत. आणि ताई, ठेकेदारांना हे असं सांगून पाहा: पॅलेटवर मिस्त्री सहा मीटरवर असताना मास्टच्या साखळीला किंवा पाइपला काही झालं तर त्याला धरायला तिथे काय आहे? मी एका बैठकीत हाच प्रश्न विचारला होता आणि कुणाकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी परांची बांधली गेली.

---

वाडी_भाडेवाला

मी दोन्ही मशीन भाड्याने देतो, त्यामुळे माझं म्हणणं धंद्याचं वाटेल, पण माझ्याच गिऱ्हाइकांना मी कित्येकदा टेलिहँडलर घेऊ नका असं सांगतो.

धंतोली, सीताबर्डीच्या गल्लीत चार मजली इमारत चालू आहे, समोर वीस फुटांचा रस्ता. तिथे टेलिहँडलरला उभं राहायला आणि वळायला जागाच नाही. काटे सोडून नुसती मशीनच पाच मीटरच्या आसपास लांब असते. त्या कामाला बिल्डर होइस्ट (तारेने माल सरळ वर ओढणारं यंत्र) पुरेसा आहे. फरशी झालेल्या गोदामात फक्त ट्रक रिकामे करायचे असतील, तर फोर्कलिफ्टचं भाडंही कमी आणि डिझेलही कमी. बंद शेडमध्ये टेलिहँडलर दिवसभर चालवली तर धुराने माणसं बेजार होतात.

पण उघडी साइट आहे, जमीन कच्ची आहे, दोन-तीन महिने काम आहे आणि सकाळी ब्लॉक, दुपारी सळ्या, संध्याकाळी गिट्टी अशी वेगवेगळी कामं आहेत, तर एकच टेलिहँडलर काटे, बकेट आणि हुकाचा जिब (काट्यांच्या जागी बसणारा हुकाचा लांब हात) बदलून ती सगळी करते. तिथे जास्तीचं भाडं वसूल होतं. फक्त एक लक्षात ठेवा, जोड बदलला की चार्ट बदलला. जिब लावला तर जिबचं वजन आणि त्याची लांबी, दोन्ही ओझ्यातून वजा होतात. मी प्रत्येक जोडाचा चार्ट केबिनमध्ये देतो. तरी फोन येतात, "चार्टची पानं कुठायत?" पानं खिशात घालून कुणीतरी घरी नेलेली असतात.

सळ्यांबद्दलही सांगतो. १२ मीटरच्या सळ्या काट्यांवर आडव्या घेतल्या की दोन्ही टोकं लोंबतात, मशीन चालली की उसळतात आणि ओझं एका बाजूला सरकतं. १२ मिमीची एक सळई साडेदहा किलोच्या थोडी वर, म्हणजे टनाला चौऱ्याण्णवच्या आसपास. एवढा भारा असा उसळणं बरं नाही. सळ्यांना जिब, दोन पट्टे आणि लांब दोरी.

उन्हाळ्याचंही ध्यानात ठेवा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारी हायड्रॉलिक तेल इतकं पातळ होतं की बूम सुस्त वाटायला लागते. मी मार्चमध्येच ६८ ग्रेडचं तेल घालून ठेवतो, रेडिएटरची जाळी रोज हवेने साफ करायला लावतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो की जड काम सकाळी सहा ते अकरात उरका.

---

गिट्टीखदान

हाव, आता पटलं. सळ्यांचं तर मी स्वतः भोगलेलं आहे.

विजेच्या तारेचं कुणी लिहिलं नाही अजून. आपल्या एमआयडीसीत प्लॉटच्या कडेने ११ केव्हीची लाइन जातेच. फोर्कलिफ्टवाल्याने वर पाहिलं नाही तरी बहुतेक चालून जाते, टेलिहँडलरची बूम मात्र थेट तारेच्या उंचीवर जाते. चाकं रबराची आहेत म्हणून काही होत नाही, हा मोठा गैरसमज आहे. आमच्या ओळखीच्या साइटवर बूम तारेला लागली, ऑपरेटर केबिनमध्येच बसून राहिला, कुणाला जवळ येऊ दिलं नाही, महावितरणने लाइन बंद केल्यावर उतरला. म्हणून वाचला. एक पाय मशीनवर आणि एक जमिनीवर, असं उतरला असता तर संपलं होतं.

---

काळी_माती

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. तारेखाली माल उतरवायची जागाच ठेवू नये. आराखडा करतानाच ती दुसऱ्या बाजूला घ्यायची.

पत्र्याच्या कामाबद्दल धागाकर्त्याने विचारलं होतं, ते राहून गेलं. टेलिहँडलरने पत्र्याचे बंडल छपरावर ठेवता येतात, वेळ फार वाचतो. पण बंडल दोन फ्रेमच्या मधोमध, परलिनवर (पत्रा ज्यावर बसतो त्या पातळ आडव्या पट्टीवर) ठेवू नका. परलिन पसरलेल्या भारासाठी असते, टनभर वजन एका जागी आलं की ती पिळली जाते. बंडल फ्रेमच्या राफ्टरवर (तिरप्या मुख्य तुळईवर) यायला हवं, तेही लहान करून. वारा असेल तर नाहीच. लांब पत्र्याचं बंडल वर गेलं की शिडासारखं वारा धरतं आणि ताणलेली बूम बाजूला झुकते.

---

बुटीबोरीकर

सगळ्यांचे आभार. गेल्या तीन आठवड्यांत काय केलं ते सांगतो.

वाट फूटभर जाडीची झाली, खाली जिओटेक्स्टाइल, दोन्ही कडेने चर. वाटेच्या दोन्ही अंगांना दोरी बांधली, मशीन चालू असताना दोरीच्या आत माणूस नाही. लोड चार्ट मोठा करून, मराठीत लिहून फाटकाजवळ फळ्यावर लावला. फळ्यावर पट्ट्यांऐवजी आमच्या मालाची नावं टाकली: एएसीचं पूर्ण पॅलेट कुठपर्यंत, अर्धं कुठपर्यंत, सिमेंटच्या चाळीस गोण्या, म्हणजे दोन टन, कुठपर्यंत. जमिनीवर भिंतीपासून चुन्याच्या रेघा मारल्या, कोणत्या ओझ्याला मशीनने किती जवळ यायचं ते दाखवायला. ऑपरेटरला रेघ केबिनमधून दिसते. फोर्कलिफ्ट रद्द केलेली नाही, आतली फरशी झाली की तीच बोलावणार आहे.

जो हेल्पर वाचला, तो आता फळ्याजवळ उभा असतो आणि प्रत्येक पॅलेटवर खडूने वजन लिहितो. परवा सकाळी त्याने एक पॅलेट अडवलं. म्हणाला, "साहेब, प्लास्टिक फाटलेलं होतं, रात्रभर भिजले हे ब्लॉक. चार्टात बसतील का?" आम्ही चार ब्लॉक काढून वजनकाट्यावर ठेवले. त्याचं बरोबर होतं, कोरड्या ब्लॉकपेक्षा बरेच जड भरले. अर्धं पॅलेट केलं, खडूचा जुना आकडा त्याने बाहीने पुसला आणि नवा लिहिला. पायात शूज होते.